जठरात मुक्काम, आतड्यावर डोळा

हेलिकोबॅक्टर पायलोरी,

पत्राच्या सुरुवातीला सा. न. वि. वि. लिहायची आमच्याकडे रीत आहे. तू पडलास जंतू; तुला नमस्कार नाही, आणि विनंती तर मुळीच नाही. जठराच्या कॅन्सरचं तुझं प्रकरण जुनं झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली तुला तंबाखूच्या पंगतीत बसवलं, कॅन्सर करणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात. त्यात तू दोषी ठरलास, विषय संपला. आज लिहिते आहे ते दुसऱ्या प्रकरणाबद्दल. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही तुझा हात असावा, असे पुरावे आता साचत चालले आहेत. मुक्काम जठरात आणि नासधूस कित्येक फूट खालच्या आतड्यात! घर एकाचं पोखरायचं आणि भिंत दुसऱ्याची पाडायची, ही तुझी हातोटी बाहेर यायला इतका काळ लागला याची मला चीड आहे.

आधी तू तिथे टिकतोस कसा ते सांगते, कारण तुझी सगळी मुजोरी त्यावरच उभी आहे. जठरातलं आम्ल इतकं जळजळीत की त्यात बहुतेक जंतू तग धरत नाहीत. डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षं शिकत आणि शिकवत आली की जठर निर्जंतुक असतं. तू मात्र युरिएज नावाचं विकर तयार करतोस, युरियाचा अमोनिया करतोस आणि त्या अमोनियाचं कवच अंगाभोवती धरून आत शिरतोस. कोकणात भर पावसात इरलं घेऊन माणूस भात लावायला खाचरात उतरतो, तसा तू आम्लाच्या पावसात उतरतोस. मग शेपट्या हलवत, मळसूत्रासारखं अंग फिरवत जठराच्या अस्तरावरच्या चिकट थरात घुसतोस आणि तिथे ठाण मांडतोस. बहुधा लहानपणी शिरतोस, घरातल्या घरात, आईकडून लेकराकडे, भावंडाकडून भावंडाकडे, उष्ट्यातून, ओकारीतून, घाण पाण्यातून. आणि कोणी औषध घालून हाकललं नाही तर मरेपर्यंत निघत नाहीस. बहुतेकांना तर तू आत आहेस याचा पत्ताही नसतो.

जुना तर तू आहेसच. माणूस आफ्रिकेतून बाहेर पडला तेव्हा त्याच्या पोटात बसून तूही निघालास, त्याला पन्नास हजारांहून जास्त वर्षं झाली. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या, ओट्झीच्या, पोटात तुझा माग लागला. २०१६ साली तुझी जनुकं वाचून झाली, तर तो वाण आज मध्य आणि दक्षिण आशियात सापडणाऱ्या वाणाच्या जवळचा निघाला. म्हणजे आमच्याशी तुझं नातं आजकालचं नाही. म्हणून तुझी ओळख ठेवायची, असं मात्र मला अजिबात वाटत नाही.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. तुझ्या पापाचं खापर किती तरी वर्षं आजारी माणसाच्याच डोक्यावर फुटत राहिलं. अल्सर झाला? तिखट खाता म्हणून. अल्सर फुटला? चिंता करता म्हणून. माझ्या थोरल्या काकांचं सत्तरच्या दशकात ऑपरेशन झालं. जठराचा भाग काढून टाकला, नस कापली. बरगड्यांपासून बेंबीपर्यंत टाक्यांची जाड रेघ आम्ही लहानपणी पाहिली आहे. पंगतीत ते कधी पोटभर जेवले नाहीत. अर्धी भाकरी, वाटीभर वरण, की हात धुतले. आणि घरात काय ऐकायचे? ‘स्वभावच तापट, म्हणून पोटात आग.’ डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, त्यामुळे काकांनी ते मनोमन मान्यही केलं होतं. त्यांच्या जठरात तू होतास की नव्हतास, हे आता कळायला मार्ग नाही. पण तशा अल्सरमध्ये बहुतेकदा तू सापडतोस, हे आज मला ठाऊक आहे. त्यांच्या वाट्याला आलेली ती अपराधी भावना तुझ्या खात्यावर मांडायची माझी तयारी आहे.

तुझं पितळ उघडं पाडलं ते ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या दोन माणसांनी. रॉबिन वॉरन हे तिथल्या रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट. जठराच्या तुकड्यांवर त्यांना १९७९ साली वळणदार जंतू दिसू लागले. सहकाऱ्यांना ते पटेना, कारण पुस्तकात जठर निर्जंतुक होतं. १९८१ साली बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. प्रयोगशाळेत तुला वाढवायचे प्रयत्न फसत राहिले; दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशी फेकून द्यायची पद्धत होती. १९८२ च्या ईस्टरला सुट्ट्या लागून आल्या, बशा तशाच राहिल्या आणि तू उगवलास. तुला वाढायला सवड लागते, एवढीच तुझी चलाखी होती. तरी लोक मानेनात, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तुझं कल्चर स्वतःच प्यायलं. थोड्याच दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला घाण वास. एंडोस्कोपीत जठराला सूज आलेली दिसली आणि तुकड्यात तू. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. वॉरन २०२४ साली गेले. आमच्या शाळेच्या पुस्तकांत पाश्चर असतो, कॉख असतो. वॉरन आणि मार्शल यांचाही धडा असावा असं मला फार वाटतं.

आता आतड्याचं प्रकरण.

२०२४ साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेतली नोंद, १९९९ ते २०१८ या काळात तुझ्यासाठी तपासणी झालेली ८,१२,७३६ माणसं. त्यांतल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांत तू सापडलास. शैलजा शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लोकांचं पुढे काय झालं ते पाहिलं. तू ज्यांच्यात होतास त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर होण्याचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त, त्याने मृत्यू येण्याचं १२ टक्क्यांनी जास्त. त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. तू सापडलास पण औषध दिलं गेलं नाही, अशा लोकांत औषध घेतलेल्यांच्या तुलनेत कॅन्सर २३ टक्क्यांनी जास्त आणि त्याने होणारे मृत्यू ४० टक्क्यांनी जास्त. तुला नुसतं ओळखून भागत नाही, हाकलावंच लागतं, असं हे आकडे सुचवतात.

वाचणाऱ्याने घाबरू नये म्हणून हेही सांगते. १८ टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या अठरा जणांना कॅन्सर, असं नव्हे. समजा तुझ्याविना हजारातल्या ४० जणांना आयुष्यात कधी तरी हा कॅन्सर होणार असेल, तर तुझ्यासह तो साधारण ४७ जणांना होईल. एका माणसाच्या हिशेबात ही वाढ लहान आहे. पण जगातली जवळजवळ अर्धी माणसं तू व्यापून बसला आहेस, आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने जगात वर्षाला सुमारे नऊ लाख माणसं मरतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की त्या जादा सातांचं वजन कळतं.

हात न लावता खून कसा करतोस, याचा शोध म्युनिकमध्ये मार्कुस गेरहार्ड यांच्या गटाने घेतला; त्यांचं काम २०२३ साली ‘गट’ (Gut) या नियतकालिकात आलं. आतड्यात गाठी होण्याची जनुकीय प्रवृत्ती असलेल्या उंदरांना त्यांनी तुझी लागण केली. लागण झालेल्यांच्या आतड्यात गाठी जास्त झाल्या. तू जठरात बसून सगळ्या पचनमार्गाची प्रतिकारव्यवस्था बिघडवलीस: दाह आवरणाऱ्या पेशी कमी झाल्या, दाह वाढवणाऱ्या पेशी पेटल्या. आतड्यातल्या जंतूंची वस्तीही बदलली आणि अस्तरावरचा संरक्षक चिकट थर खाणारे जंतू माजले. त्याच उंदरांत तुला लवकर औषध घालून मारलं, तेव्हा गाठींचं प्रमाण पुन्हा खाली आलं. ही शेवटची ओळ मी दोनदा वाचली.

दुसराही एक धागा आहे. तुझ्यामुळे जठरात गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक जास्त स्रवतं, आणि गॅस्ट्रिनमुळे आतड्याच्या पेशींची वाढ चेतते. तुझे सगळे वाण सारखे घातकी नाहीत हेही दिसतं. व्हॅकए हे पेशींना पोकळ्या पाडणारं विष. त्याच्या विरोधातली प्रतिपिंडं ज्यांच्या रक्तात सापडली, त्यांच्यात आतड्याच्या कॅन्सरचा संबंध अधिक दिसला, विशेषतः अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत.

तुझ्या बाजूनेही बोलणारे आहेत, आणि त्यांचं न ऐकता निकाल द्यायचा नाही, एवढी न्यायबुद्धी मी तुझ्या बाबतीतही सोडणार नाही. मार्टिन ब्लेझर यांच्यासारखे संशोधक सांगत आले आहेत की तू असलास तर अन्ननलिकेचे काही आजार आणि लहानपणीचा दमा कमी दिसतो. सैनिकांच्या अभ्यासातही बोट ठेवायला जागा आहे. ती बहुतेक पुरुषमंडळी होती. पोटाची तक्रार होती म्हणून तपासली गेलेली होती. आणि जो माणूस औषध नेमाने घेतो तो वेळेवर कोलोनोस्कोपीही करून घेतो, त्यामुळे फायदा औषधाचा की शिस्तीचा, हे पूर्ण वेगळं काढता येत नाही. लाल आणि प्रक्रिया केलेल्या मांसाचा अतिरेक, दारू, सिगारेट, लठ्ठपणा, बैठं काम, घराण्यातला इतिहास हे आतड्याच्या कॅन्सरचे पक्के आरोपी आहेतच. फ्युसोबॅक्टेरियम आणि विष सोडणारे काही ई. कोलाय हे तुझे जातभाई तर प्रत्यक्ष आतड्यातच सापडतात, त्यांच्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. म्हणून आतड्याच्या बाबतीत मी तुला संशयित म्हणते, दोषी म्हणत नाही. पण जठराच्या खुनात शिक्षा झालेला गुन्हेगार दुसऱ्या खुनाच्या आसपास दिसला, तर त्याला मोकळं सोडा असं कोणता शहाणा म्हणेल?

भारतात तुझी चंगळ आहे. आमच्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांत तू आहेस, तरी जठराचा कॅन्सर त्या मानाने इथे कमी; मिझोरामसारखी राज्यं सोडली तर. याचं कोडं अजून सुटलेलं नाही आणि याच कोड्याच्या आडोशाला तू निर्धास्त बसला आहेस. ‘इतक्यांना असतो, काही होत नाही’ हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलं आहे. तिकडे शहरांतून आतड्याच्या कॅन्सरचे पेशंट वाढताहेत, आणि आमचे पेशंट पाश्चात्त्य पेशंटांपेक्षा तरुण असतात.

माझ्या आत्याला गेली कित्येक वर्षं ‘पित्त’ होतं. सकाळी उठलं की रिकाम्या पोटी गॅसची गोळी, मग चहा. चिठ्ठी कोणी तरी कधी तरी दिली होती. तेव्हापासून मेडिकलवाला न विचारता पट्टी पुढे करायचा. शेवटी वजन उतरायला लागलं तेव्हा आम्ही तिला एंडोस्कोपीला नेलं. आतून काढलेला कणाएवढा तुकडा तंत्रज्ञ मुलीने शर्टाच्या गुंडीएवढ्या खाचेत टाकला. खाचेत पिवळा जेल होता. ‘बघा हं,’ म्हणाली. पाच-दहा मिनिटं काही नाही. मग तुकड्याच्या कडेने फिका गुलाबी रंग उतरायला लागला, पसरत गेला, आणि बघता बघता सगळी खाच गडद राणी रंगाची झाली. जेलमध्ये युरिया असतो. तो फोडून तू अमोनिया केलास आणि रंग बदलला. ज्या युक्तीवर तू जगतोस तिनेच तुझी चुगली केली. आत्याने चष्मा वर करून ती खाच न्याहाळली आणि म्हणाली, ‘हा इतकी वर्षं माझ्या पोटात होता?’ मला तिच्या आवाजातला अपमान अजून ऐकू येतो. तिनेही वर्षानुवर्षं स्वतःच्या लोणच्याला आणि स्वतःच्या जागरणांना दोष दिला होता.

गोळ्या सुरू झाल्या. दोन आठवड्यांचा कोर्स, दिवसाला मूठभर. तोंड कडू, जिभेला लोखंडाची चव, शौचाचा रंग काळा. आठवडाही झाला नसेल, आत्याने हळूच बंद केल्या. ‘आता बरं वाटतंय की!’ इथेच तू जिंकतोस, हे मला त्या दिवशी कळलं. अर्धवट कोर्समध्ये दुबळे तुझे भाऊबंद मरतात आणि निगरगट्ट उरतात. जुलाब झाले की मेट्रोनिडॅझोल, खोकला झाला की उरलेली अँटिबायोटिक, अशी आम्ही औषधं खाल्ली. त्यामुळे भारतात मेट्रोनिडॅझोलला तर तू फार ठिकाणी दाद देत नाहीस, क्लॅरिथ्रोमायसिनलाही काही ठिकाणी नाही. म्हणून तर डॉक्टरांना चार-चार औषधं एकत्र द्यावी लागतात. आत्याला आम्ही समजावलं, रागावलोही. डॉक्टरांनी औषधं बदलून कोर्स पहिल्यापासून लावला आणि आतेभावाने रोजच्या गोळ्यांवर खूण करायला फ्रिजवर कागद चिकटवला. कोर्स संपल्यावर चार आठवडे थांबून श्वासाची तपासणी. ती निगेटिव्ह आली. ही दुसरी तपासणी आमच्याकडे फार थोडे लोक करतात. बरं वाटलं म्हणजे तू गेलास असं धरून चालतात आणि तू तिथेच असतोस.

प्रत्येकाने उठून तुझ्यासाठी तपासणी करावी, असं आज कोणी सांगत नाही, मीही सांगणार नाही. पण ज्याला अल्सर आहे किंवा होता, ज्याच्या घरात जठराचा कॅन्सर झाला आहे, ज्याचं पोट महिनोन्‌महिने दुखतं किंवा जळजळतं, ज्याला सांधेदुखीच्या गोळ्या कायमच्या लागल्या आहेत, त्याने डॉक्टरांना तुझं नाव घेऊन विचारलंच पाहिजे. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून गावंच्या गावं तपासून तुला हाकललं, तर जठराचा कॅन्सर निम्म्यावर आला. जपानने २०१३ पासून तुझ्यामुळे आलेल्या जठराच्या सुजेवरचा उपचारही विम्यात आणला. आमच्याकडच्या आरोग्य शिबिरांत रक्तदाब आणि साखर बघतात. पोटाबद्दल विचारलं तर गोळ्यांची पट्टी हातावर ठेवतात.

आतड्याबद्दलही आमचं तेच. शौचातून रक्त गेलं की मूळव्याध ठरलेलीच. स्टँडमागच्या भिंतीवर ‘विनाऑपरेशन शर्तिया इलाज’ लिहिलेलं असतं, तिथे महिनोन्‌महिने काढा आणि मलम. लाजेपायी घरात बोलायचं नाही, बाईमाणसाने तर नाहीच. पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुतेकदा दहा-दहा वर्षं जातात. तेवढ्या काळात कोलोनोस्कोपी झाली तर तो पॉलिप तिथल्या तिथे कापून काढता येतो. दहा वर्षांची मुदत हातात असताना माणसं मरतात, आणि त्यात तुझ्याइतकाच आमच्या गप्प बसण्याचाही वाटा आहे, हे मी तुलाच नव्हे, वाचणाऱ्यालाही ठणकावून सांगते. तुझा हात सिद्ध होवो न होवो, चाळिशीनंतर शौचाची सवय बदलली, रक्त गेलं, विनाकारण हिमोग्लोबिन उतरलं, तर आधी तपासणी, मग मलम.

आत्याच्या कोलोनोस्कोपीची तारीख घेतली आहे. तिच्या धाकट्या भावालाही, म्हणजे माझ्या वडिलांना, तुझ्या तपासणीसाठी बरोबर नेणार आहोत. त्यांचंही ‘पित्त’ जुनंच आहे.

ता. क. : गॅसची रोजची गोळी चालू असताना तुझी तपासणी केली तर तू लपतोस आणि अहवाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. त्यासाठी डॉक्टरांना विचारून ती गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधीपासून बंद ठेवावी लागते. वडिलांच्या गोळ्यांची पट्टी मी कालच कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आहे.